नवाबाची काळी झारी

१

थॉर्नक्रॉफ्ट घराण्यात दीडशे वर्षांत एकदाही चोरी झाली नव्हती, ही गोष्ट घराण्यातले लोक मान ताठ करून सांगत. आणि ते खरंच होतं. घरातून कधी काही गेलं नव्हतं. घरात जे होतं ते मुळात कुठून आलं, हे विचारायची मात्र पद्धत नव्हती.

म्हणूनच त्या शनिवारी सकाळी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, धुळीमध्ये एक स्वच्छ गोल तेवढा उरलेला दिसला तेव्हा घरात हाहाकार उडाला. हाहाकार म्हणजे थोरल्या रूपर्टने चहाचा कप बशीत जरा जोरात ठेवला.

नवाबाची झारी गेली होती.

ही झारी पणजोबांना, म्हणजे कॅप्टन लायनेल थॉर्नक्रॉफ्ट यांना, हिंदुस्थानात एका नवाबाने दिली होती. कॅप्टनसाहेबांनी म्हणे त्याला वाघाच्या तोंडून सोडवलं होतं. नवाबाचं नाव दर पिढीत बदलत असे, आणि रूपर्टच्या तोंडी एका वाघाचे दोन झाले होते. झारी काळीकुट्ट होती. तिच्यात वाळक्या लव्हेंडरची जुडी खोचलेली असे आणि घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे येताजाता आदराने बघत असे, म्हणजे कपाटाकडे बघत असे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॅल्टन पार्कच्या हिरवळीवर पारखमेळा भरायचा होता. लंडनहून जाणकार मंडळी आणि टीव्हीवाले येणार. गावोगावचे लोक घरातली जुनी वस्तू उराशी धरून रांगेत उभे राहणार. जाणकार ती उलटीसुलटी करून तिचं मोल सांगणार. एका कुटुंबाला एकच वस्तू. ती वस्तू निवडायला रूपर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ गाइल्स शुक्रवारीच आईच्या घरी येऊन ठेपले होते. एरवी त्यांना नाताळाखेरीज आईची आठवण येत नसे.

आईजवळच राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने, जुडिथने, मॅव्हिसआत्याला फोन केला.

मॅव्हिस थॉर्नक्रॉफ्टचं आयुष्य एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेलं होतं. सोयीस्कर वेळी जळालेले गालिचे आणि सुट्टीवर जायच्या आधी हरवलेले हार बघून बघून माणसांबद्दल तिचं एक मत झालं होतं, आणि ते बदलायची संधी तिला अजून कुणी दिली नव्हती. तिच्या घरच्यांनी तर नाहीच.

"आत्या, रूपर्ट म्हणतोय झारी मी विकली," जुडिथ म्हणाली. "मम्मीचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे आहे. सोमवारी डॉक्टरला आणतोय. मम्मीला काही कळत नाही आणि मी घर धुऊन नेतेय, असं त्याला सांगणार. मग मम्मी वृद्धाश्रमात, घर बाजारात आणि मी चोर म्हणून रस्त्यावर."

गेली बारा वर्षं आईची औषधं, आंघोळ, पायमोजे, सगळं जुडिथ बघत होती. भाऊ फुलं पाठवत.

"तू विकलीस का?"

"नाही."

"मग नाक पूस. कपाटाला कुलूप होतं ना?"

"होतं. तोडलेलं नाही."

"किल्ली कुठे असते?"

जुडिथने नाक पुसलं. "कुलपालाच."

"आलेच," मॅव्हिस म्हणाली.

२

जेवणघरातल्या टेबलावर निवडीसाठी मांडलेल्या वस्तू बघून मॅव्हिसला आपल्या घराण्याची नव्याने कीव आली. कायम वादळच दाखवणारं हवामानयंत्र. चिनी मातीचे दोन कुत्रे, पैकी एकाला कान नाही. शिकारीचं चित्र, ज्यातल्या घोड्याला पाय पाच. एक चकचकीत पितळी भांडं. बारशाचा चमचा. आणि लेसच्या रुमालात ठेवलेला कुणाचा तरी दात, ज्याच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

प्रत्येक वस्तूच्या बुडाला रंगीत गोल स्टिकर होते. मॅव्हिसचा भाऊ गेला तेव्हा सिबिलवहिनीने तिन्ही मुलांना एकेक रंग वाटून दिला होता: मी गेल्यावर भांडू नका, काय हवं त्याला आत्ताच चिकटवा. रूपर्टचा लाल, गाइल्सचा निळा, जुडिथचा पिवळा. ज्याचा स्टिकर आधी लागला त्याची ती वस्तू. कुत्र्यांना एकच रंग होता, चमच्याला एकच. फक्त नवाबाच्या झारीबाबत हा नियम कुणी पाळला नव्हता. दर नाताळाला कुणीतरी हळूच तिच्या बुडाला आपला स्टिकर दुसऱ्याच्या स्टिकरवर लावत असे. बूड दिसेनासं होऊन जमाना झाला होता.

"आता सगळ्यात वर लाल आहे," रूपर्ट म्हणाला. तो दारूचा व्यापार करून निवृत्त झाला होता आणि त्याचा चेहरा त्याच्या मालाची जाहिरात करत असे. "गेल्या नाताळात मी स्वतः लावला, बरोब्बर मधोमध. म्हणजे कायद्याने माझी वस्तू चोरीला गेलीय, आत्या."

"किंमत किती असेल?"

"छे, पैशाचा प्रश्नच नाही. विकणार थोडीच आहोत? विम्यासाठी कळलं म्हणजे बरं, इतकंच."

हे वाक्य मॅव्हिसने नोकरीत असताना इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानावर पडलं की तिचा हात आपोआप पेनाकडे जाई.

"तरी अंदाजे?"

"गेल्या वर्षी टीव्हीवर एका बाईच्या असल्याच झारीला घराइतकी किंमत सांगितली," रूपर्ट पटकन म्हणाला. "दुमजली घर. गॅरेजसकट. आणि तिच्या नवाबाकडे तर वाघही नव्हता."

"जुडिथवरच संशय का?"

"दुसरं कोण रोज इथे असतं? ती काहीही करेल. काल मी स्वतः ब्राउन सॉसची नवीकोरी बाटली आणली. आज सॉसेजवर घ्यायला गेलो तर थेंब नाही. आईचं घर, भरली बाटली, आणि मी कोरडे सॉसेज खातोय."

त्याची बायको फेनेला खिडकीपाशी उभी राहून पडद्यांची मापं डोळ्यांनी घेत होती.

"मी कुणाला नावं ठेवत नाही, आत्या," ती म्हणाली. ही तिची नावं ठेवायची सुरुवात असे. "पण जुडिथची अभिरुची बघा ना. इतक्या चांगल्या वस्तूंत तिने ते पितळी काहीतरी आणून ठेवलंय. धर्मादाय दुकानातून उचललं असणार. मी काही बोलले नाही. बिचारीला तेवढीच हौस."

"तुला तिने सांगितलं, मी आणलं म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच की."

मॅव्हिसने पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

३

धाकटा गाइल्स शाळेत लॅटिन शिकवत असे. जिवंत माणसांशी बोलायचा सराव सुटल्यामुळे तो प्रत्येक प्रश्नावर आधी छताकडे बघे.

"माझा चोरीशी काय संबंध? मला तर वस्तूचा मोहच नाही."

"स्टिकर लावत होतास की."

"तत्त्व म्हणून. रूपर्टला मिळू नये म्हणून."

"सकाळी सगळ्यात आधी खाली कोण आलं?"

"मी. नाही, मम्मी आधीच बसलेली होती."

"काही म्हणाली?"

"म्हणाली काहीतरी. मम्मी नेहमीच काहीतरी म्हणत असते. मी 'छान, मम्मी' म्हटलं." साठीला टेकलेला गृहस्थ 'मम्मी' म्हणताना जराही चाचरला नाही.

"आणि टेबलावरचं ते पितळी भांडं कुणाचं?"

"फेनेलाचं असणार. चकाकणाऱ्या वस्तू तिला फार आवडतात. रूपर्टशी लग्न केलं तेव्हा त्याच्याकडे चांदीची सिगारेटपेटी होती."

जुडिथ मागच्या दारी पायरीवर बसली होती. तिने नाक पुसलं होतं, पण ते पुन्हा वाहत होतं.

"मी कपाटाकडे बघितलंही नाही गं, आत्या. शुक्रवारी सगळ्यांचा स्वयंपाक, सगळ्यांचे बिछाने. रूपर्टला उशी मऊ हवी, फेनेलाला कडक."

"पितळी भांडं तू आणलंस?"

"कुठलं, ते चकचकीत? मला वाटलं गाइल्सच्या शाळेतलं बक्षीस असेल. तो दाखवायला आणतो अधूनमधून."

मॅव्हिस बागेच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगाकडे गेली आणि हातातल्या छत्रीच्या टोकाने तो उकरू लागली. जुडिथला वाटलं, आत्याचंही वय झालं.

बटाट्याच्या सालींवर, अगदी वरच, वाळक्या लव्हेंडरची जुडी पडली होती. तिची दोरी सोडलेली नव्हती आणि एक फूलही मोडलेलं नव्हतं. कुणीतरी ती सावकाश बाहेर काढून, बागेत चालत येऊन, कचऱ्यात नीट ठेवली होती.

"जुडिथ," मॅव्हिस म्हणाली, "घाईत पळणारा चोर आधी फुलं काढून ठेवतो का?"

४

सैपाकघरातल्या केराच्या डब्यात ब्राउन सॉसची बाटली सापडली. रिकामी, आतून विसळलेली, झाकण घट्ट लावलेलं. रूपर्ट तिला जुडिथच्या खादाडपणाचा पुरावा मानत होता. पण भरली बाटली एका रात्रीत कुणी पोटात रिचवत नाही. मॅव्हिसने झाकण उघडून वास घेतला. सिरका, चिंच. लहानपणी या घरात दर इस्टरला तिच्याकडून दारावरची पितळी कडी घासून घेत, ती याच सॉसने. त्या वासाने तिच्या नखांना आपोआप खाज सुटली.

सिबिल शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती. वय शहाऐंशी, पाठ सरळ, मांडीवर शाल आणि हात शालीच्या आत. सकाळपासून या खोलीतून सगळेजण चारचारदा गेले होते आणि प्रत्येकाने तिच्या डोक्यावरून दुसऱ्याशी भांडण केलं होतं.

"सिबिल, ही मंडळी काय शोधताहेत?"

"काळी झारी."

"तुला कुणी विचारलं का, ती कुठे आहे म्हणून?"

"मला?" सिबिलने विचार केला. "रूपर्टने विचारलं, मम्मीने गोळी घेतली का. जुडिथला विचारलं."

"मग मी विचारते. काळी झारी कुठे दिसली तुला?"

"काळी?" सिबिल म्हणाली. "काळी नाही बाई दिसली कुठे."

"हात दाखव जरा."

सिबिलने शालीतून हात बाहेर काढले. दहाही नखांच्या कडा कोळसा कालवल्यासारख्या काळ्या होत्या.

मॅव्हिस उठली आणि तिने जुडिथला हाक मारली. "सगळ्यांना जेवणघरात बोलाव. आणि तुझ्या मम्मीची खुर्ची आज टेबलाच्या मानाच्या टोकाला ठेव."

५

"चोरी झालेली नाही," मॅव्हिस म्हणाली. "झारी या खोलीतच आहे. सकाळपासून तुम्ही तिच्याभोवती फिरताय."

रूपर्टने टेबलाखाली बघितलं. या घराण्यात विचार करायची ही सर्वमान्य रीत होती.

"या टेबलावर एक पितळी भांडं आहे. फेनेला म्हणते ते जुडिथने आणलं. जुडिथला वाटतं गाइल्सने. गाइल्स म्हणतो फेनेलाने. रूपर्टला तर ते दिसलेलंच नाही. म्हणजे ते बाहेरून कुणीच आणलेलं नाही. जे भांडं बाहेरून आलं नाही ते घरातलंच असणार. आणि घरातलं एकच भांडं जागेवर नाही."

"पण ती काळी होती," गाइल्स छताला म्हणाला.

"काजळी होती ती. शंभर वर्षांची शेगडी आणि तुमच्या आजोबांचे चिरूट. काल रात्री कुणीतरी तिच्यातली फुलं काढली, तिला रूपर्टचा सॉस फासला, काजळी निघेपर्यंत घासली आणि निवडीच्या टेबलावर आणून ठेवली. चाळीस वर्षं तुम्ही हिच्यावर टपून बसलात. हिच्याकडे एकदा नीट बघितलं असतंत तर आकारावरून ओळखली असतीत."

"कशावरून हीच?" रूपर्ट म्हणाला.

मॅव्हिसने भांडं उलटं केलं. बुडावर लाल, निळ्या, पिवळ्या स्टिकरांचा माशाच्या खवल्यांसारखा थर होता. या घरात तिन्ही रंग एकत्र असलेली दुसरी वस्तू नव्हती.

मग सगळ्यांचे डोळे, बहुधा त्या आठवड्यात पहिल्यांदाच, टेबलाच्या मानाच्या टोकाकडे वळले.

"मम्मी, तू?" जुडिथ म्हणाली.

"चारचौघांत न्यायची वस्तू मळकी कशी न्यायची?" सिबिल म्हणाली. "टीव्हीवर दिसलं असतं. शेजारी काय म्हणाले असते?"

"पण सांगायचं नाहीस का?" रूपर्ट लाल झाला. म्हणजे आणखी लाल झाला.

"सांगितलं की. सकाळी गाइल्सला म्हटलं, झारी घासून ठेवलीय, आता कशी दिसते बघ. तो म्हणाला, छान."

गाइल्सने छतात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"आणि जुडिथवर आळ आला तेव्हा?" मॅव्हिसने विचारलं.

"तेव्हा मला बघायचं होतं, माझ्याकडे वळायला यांना किती वेळ लागतो ते." सिबिलने शाल सारखी केली. "लागला बराच. रूपर्ट, सोमवारी डॉक्टरला काय सांगणार आहेस, मला काही कळत नाही म्हणून? ही आत्या साक्षीला येईल."

रूपर्टचं मात्र तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो झारी खिडकीतल्या उजेडात धरून बघत होता. फेनेलाही पुढे वाकली होती.

"रूपर्ट," फेनेला हळूच म्हणाली, "हे पितळ असेलच असं नाही."

६

"झारी हवीय तुला?" सिबिलने विचारलं.

"पैशाचा प्रश्न नाही, मम्मी. घराण्याची वस्तू घराण्यात—"

"मग घे. मी जायची वाट बघू नकोस, आत्ताच घे. गाइल्सला निम्मं दे. बदल्यात ते मुखत्यारपत्र रद्द करून जुडिथच्या नावे करू. मी इथेच राहीन, आणि माझ्यामागे हे घर तिचं. तिचा झारीवर हक्क नाही, तुमचा घरावर नाही."

दोघे भाऊ आणि फेनेला बाहेर बोळात गेले. दारातून शब्द ऐकू येत होते: छपराची गळती, भिंतींची ओल, टीव्हीवरची ती बाई, गॅरेज. आत आले तेव्हा रूपर्टच्या चेहऱ्यावर त्यागाचं तेज होतं.

"जुडिथने बारा वर्षं केलंय," तो म्हणाला. "आम्ही काही कृतघ्न नाही."

त्याचा वकील मित्र पलीकडच्याच गल्लीत राहत होता. झारीला आणखी कुणी बघायच्या आत रूपर्टने त्याला बोलावून आणलं. चहाच्या आधी सह्या झाल्या. जुडिथ सही करताना रडली, आणि फेनेलाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण आता तिला परवडत होतं.

झारी गुंडाळायला घेताना मॅव्हिसने पुन्हा एकदा तिचं बूड बघितलं. बरोब्बर मधोमध, सगळ्यात वर, निळा स्टिकर होता. रूपर्टचा लाल त्याच्या खालून जेमतेम डोकावत होता. कडा नव्याने दाबल्यासारख्या, एकदोन ठिकाणी वर आलेल्या. म्हणजे कुणीतरी अख्खा थर सोलला होता, खालचं बूड पाहिलं होतं आणि सगळे स्टिकर पुन्हा चिकटवले होते. चिकटवताना तेवढा क्रम चुकला होता.

आयुष्यभर असली गोष्ट दिसली की मॅव्हिसने ती लगेच साहेबाला कळवली होती. आज साहेब नव्हता. तिने झारी टॉवेलात गुंडाळली आणि रूपर्टच्या हातात दिली.

"सिबिल," ती सैपाकघरात जाऊन म्हणाली, "बुडावर काय होतं?"

"कुठल्या बुडावर?" सिबिल म्हणाली. "जुडिथ, उद्या सॉसची नवी बाटली आण गं. मला टोस्टवर लागतो."

रविवारी ती मेळ्याला आली नाही. झारी बघून झालीय, म्हणाली. जुडिथही घरीच राहिली.

मॅव्हिस मात्र गेली. अशी करमणूक फुकट मिळत नाही. हॅल्टन पार्कच्या हिरवळीवर रांग तळ्याला वळसा घालून गेली होती. प्रत्येकाच्या कुशीत एक गाठोडं आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, विकायचं नाही हो, विम्यासाठी. पुढची बाई रडत परत आली. तिच्या फुलदाणीची किंमत तिला विकायचं नसूनही कमी वाटली होती.

शेवटी रूपर्टचा नंबर लागला. जाणकार गळ्यात बो-टाय बांधलेला, चष्मा कपाळावर चढवलेला गृहस्थ होता. टीव्हीवाल्यांनी कॅमेरा जवळ आणला, कारण झारी उन्हात फारच चमकत होती. रूपर्टने पोट आत घेतलं आणि कॅप्टन लायनेल, नवाब आणि तीन वाघांची हकीकत सांगितली. फेनेला प्रत्येक वाघाला मान डोलावत होती. गाइल्स हातांची घडी घालून मोह नसल्यासारखा उभा होता.

"घासली कुणी?" जाणकाराने विचारलं.

"आमच्या मम्मीने," रूपर्ट म्हणाला. "तिला आता फारसं कळत नाही."

जाणकाराने झारी उलटी केली. "हे स्टिकर काढले तर चालेल?"

"अवश्य. आता एकाच्याच मालकीची आहे. म्हणजे दोघांच्या."

त्याने नखाने कड उचलली. थर एका ओढीत निघून आला. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि झारी रूपर्टकडे वळवून धरली, म्हणजे कॅमेऱ्यालाही दिसेल.

बुडावर ठसा होता: 'क्लिफव्ह्यू हॉटेल, मार्लसी. खोली क्रमांक चौदा. गरम पाण्यासाठी. खोलीबाहेर नेऊ नये.'